खरवड आईला आवडायची

तहदीग टेबलावर आली आणि दादाचे डोळे भरून आले. माझं डोकं फिरायला सुरुवात झाली ती तिथून.

कार्डिफच्या सिटी रोडवरच्या या इराणी रेस्टॉरंटमध्ये मी बऱ्याच वर्षांनी पाऊल ठेवत होते. बाहेरची पाटी बदलली आहे, भिंतींना गडद हिरवा रंग आला आहे, खुर्च्या नको तितक्या मऊ झाल्या आहेत. वास मात्र तोच. निखाऱ्यावरचं मटण, भिजवलेलं केशर, वाळवलेल्या लिंबांचा आंबट-कडवट दर्प. आणि या सगळ्याच्या खाली, जरा थांबून हुंगलं तर, पातेल्याच्या बुडाला भात लागल्याचा वास. हा वास मला न विचारता उचलतो आणि महाडच्या एसटी क्वार्टर्समधल्या आमच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवतो. मला तिथे जायचं नसतं.

दादा कंपनीच्या कामासाठी पुण्याहून साउथहॅम्प्टनला आला होता. शनिवारी सकाळची ट्रेन धरून तो माझ्याकडे कार्डिफला आला. माझ्या नवऱ्याची हॉस्पिटलमध्ये ड्युटी होती, म्हणून जेवायला मी, दादा आणि माझी सोळा वर्षांची सई असे तिघंच. 'इथे जाऊया का' असं सईनेच विचारलं. मी नाही म्हणायला हवं होतं.

तहदीग म्हणजे इराणी भाताच्या तळाची खरपूस साय. तूप आणि केशर घालून मुद्दाम लावलेली, सोनेरी, कडक. इराणी लोक पातेलं ताटात पालथं घालतात आणि हा तळ सगळ्यात वर येतो. घरी पाहुणा आला की पहिला तुकडा त्याचा. दादाने तो हातात घेतला, कडकन मोडला आणि म्हणाला, "अगं, ही तर आपली खरवड!"

मग फोटो. मग फॅमिली ग्रुपवर फोटो, खाली 'आईची आठवण' आणि जोडलेले हात. टिंग, टिंग. मावशीचं उत्तर आलं, 'ताईला किती आवडायची!' काकांचं आलं, 'वहिनी पातेलं कुणाला देत नसत.' त्याच्याखाली कुणीतरी आईच्या त्यागावरचा एक फॉरवर्ड टाकला. मावळता सूर्य, समई आणि चार ओळी. असले फॉरवर्ड बनवणारा माणूस मला एकदा भेटायला हवा आहे.

"पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध," दादा डोळे पुसत म्हणाला. "गुरुजी म्हणाले, पानात त्यांच्या आवडीचं काहीतरी ठेवा. मी लगेच सांगितलं, खरवड. दुसरं काय! पण आता कुकरच्या जमान्यात खरवड आणायची कुठून? म्हणून तुझी वहिनी आठवडाभर पातेल्यात भात लावून प्रॅक्टिस करतेय. काल व्हिडिओवर दाखवली मला. एकदम फर्स्ट क्लास लागली होती."

"दादा, खरवड नको ठेवूस," मी म्हणाले.

"का गं?"

 का ते मला ठाऊक होतं, आणि ते दादाला सांगू नकोस असं आईनेच मला बजावलं होतं. एवढी वर्षं मी तिचा शब्द पाळला होता. आणि आता, ती गेल्यावर, तिच्या नावाच्या पानात पुन्हा तेच वाढलं जाणार होतं.

आमच्या घरी कुकर होता. कपाटावर, खोक्यात. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कुकरचा भात चालायचा नाही, तो म्हणे आजाऱ्याचा भात. त्यांना पातेल्यातला, शीत न् शीत सुटं असलेला भात लागायचा. आमचा वातींचा स्टोव्ह एका बाजूने जास्त जळायचा, त्यामुळे पातेल्याचा अर्धा तळ रोज लागायचा. आई चौघांची पानं घ्यायची. अण्णा, आजोबा, दादा, मी. वरचा मऊ, पांढरा, वाफाळता भात मुदीने पडायचा, त्यावर वरण, त्यावर तूप. भात कमी पडतोय असं वाटलं की आईचा हात पातेल्यात आणखी खोल जायचा, पण आमच्या पानात तळ कधी आला नाही.

आमची जेवणं झाली की अण्णा बाहेरच्या खोलीत अडकित्ता घेऊन बसायचे. कट्, कट्, सुपारी. समोरच्या डेपोच्या कर्ण्यातून पोलादपूर गाडीची घोषणा व्हायची, तीही अर्धी वाऱ्यावर जायची. आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा. खर्र, खर्र, खर्र. लोखंडी उलथणं आणि जर्मनचं पातेलं. मी अंथरुणावर पडल्या पडल्या तो ऐकायचे. माझ्यासाठी तो दिवस संपल्याचा आवाज होता, त्याने मला छान झोप यायची. आईचं जेवण तेव्हा सुरू व्हायचं.

थंडीत नवा तांदूळ यायचा. तो चिकट, तळाला जास्त धरायचा, घरभर गोडसर करपट वास. उन्हाळ्यात आत्येभावंडं यायची, मग पातेलं मोठं आणि खरवडही मोठी. त्याच दिवसांत आंबे. बाठा आईचा. मासे आले की शेपटीकडचा तुकडा आईचा. भाकऱ्यांत जी मोडेल ती आईची. आणि यातल्या प्रत्येकाला एकच कारण होतं, तिला आवडतं. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला सांगता येणार नाही. मला कळायला लागलं तेव्हा ते ठरलेलंच होतं, जसं डेपोचं वेळापत्रक ठरलेलं असतं.

कधीकधी आम्हीही हट्ट करायचो, "आई, खरवड दे ना." ती एक पापुद्रा हातावर ठेवायची, वर कच्चं तेल आणि लसणीची चटणी. काय लागायची! दादाच्या डोळ्यांत आज जे पाणी आलं ते त्या पापुद्र्याचं. पण आमचं पोट भरलेलं असायचं. भरल्या पोटी एक तुकडा कुणालाही आवडेल. रोज रात्री, एकटीने, गार ताकात भिजवून, दाताखाली करकरणारं तेच जेवण म्हणून खायचं, हे निराळं. हे त्या ग्रुपवरच्या एकाच्याही डोक्यात येत नाही.

पाहुणे आले की अण्णा मोठ्याने सांगायचे, "आमच्या हिला खरवड अशी आवडते की पातेलं घासायचं कामच उरत नाही!" सगळे हसायचे. आई पदर तोंडाला लावून हसायची. आई म्हणायची, "काहीतरीच तुमचं." हे काहीतरीच म्हणजे काय, ते कुणी तिला विचारलं नाही. अण्णा वाईट नव्हते. डेपोतून येताना तिच्यासाठी सुरंगीच्या फुलांचा वळेसर आणायचे, तिला ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवायचे. बापाबद्दल एक वाक्य रागाने बोलले की लगेच ते वाईट नव्हते हे जोडावं लागतं, याचाही मला राग येतो. वाईट नसलेल्या माणसांच्या घरात एक बाई आयुष्यभर तळ खरवडत राहिली. मग वाईट असते तर काय झालं असतं?

अण्णा गेल्यावर आई माझ्याकडे सहा महिने येऊन राहिली. सई तेव्हा पहिलीत होती. साडीवर माझा जुना कोट, पायात स्पोर्ट्स शूज, अशी आई कार्डिफभर फिरली. शेजारच्या म्हाताऱ्या वेल्श बाईशी ती मराठीत बोलायची आणि ती आईशी इंग्रजीत, आणि दोघींचं तासन् तास छान चालायचं. डबलडेकर बस आली की वरच्या मजल्यावर, पुढची सीट. "तिथून सगळं आधी आपल्याला दिसतं," म्हणायची. आधी आपल्याला! हे सुख तिला तिथे बसमध्ये मिळत होतं.

एका दुपारी मी तिला आणि सईला इथे घेऊन आले. हीच खिडकी, तेव्हा इथे निळ्या टाइल्स होत्या आणि कोपऱ्यात चहाचा मोठा पितळी समोवार. मालक बहरामआगा स्वतः टेबलाशी यायचे, छातीवर हात ठेवून वाकायचे. मी ऐटीत म्हटलं, "आई, तुझ्यासाठी खास गंमत आहे." तहदीग आली. बहरामआगांनी सगळ्यात मोठा तुकडा आईच्या ताटात ठेवला. आईने पाहिलं. ती म्हणाली, "नको."

इराण्यांमध्ये तारोफ नावाचा रिवाज आहे. यजमानाने आग्रह करायचा, पाहुण्याने नको म्हणायचं, यजमानाने पुन्हा आग्रह करायचा. पहिल्या वेळचं नको कुणी खरं मानत नाही, ते चांगल्या वळणाचं लक्षण. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? पानावर आडवा हात धरला तरी वाढणारा बोटांच्या फटीतून जिलबी सोडतोच. तर बहरामआगा खूश झाले. केवढी घरंदाज बाई! त्यांनी दुसरा तुकडा ठेवला. आई म्हणाली, "नको हो. नो, नो." त्यांनी मान तिरकी करून, डोळे मिटून, अतिशय प्रेमाने तिसरा तुकडा उचलला. मीही हसत म्हणाले, "अगं घे ना आई, तुला आवडते."

आईने ताट दोन्ही हातांनी पुढे ढकललं.

"मला नाही आवडत खरवड!" ती ओरडली. खरंच ओरडली. बाजूच्या टेबलावरची माणसं वळली. "कधी आवडली नाही! दात दुखतात माझे. आयुष्यभर तेच खाल्लं. मला मऊ भात वाढा. मऊ. पांढरा."

बहरामआगांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. पण त्यांनी तुकडा खाली ठेवला. दोन पावलं मागे गेले, छातीवर हात ठेवला, "सॉरी, मदर," म्हणाले आणि आत गेले. परत आले ते मोठी बशी घेऊन. पांढरा, मोकळा, वाफाळता भात, मधोमध लोण्याचा गोळा वितळत होता. तिचं नको ज्याने पहिल्यांदा ऐकलं तो माणूस असा परका, आणि त्यालाही ते ओरडून सांगावं लागलं. तिचं नको आमच्याही घरात रोज व्हायचंच. 'तू बस ना आमच्याबरोबर' म्हटलं की नको, 'तुला ठेव ना थोडा वरचा भात' म्हटलं की नको. आणि तिथे मात्र कुणी आग्रह केला नाही. तिथे तिचं नको सगळ्यांनी चटकन खरं मानलं.

आई तो भात हाताने जेवली. सावकाश, दह्याबरोबर, बोटं चाटत. अर्ध्यावर मान वर करून म्हणाली, "आणखी मिळेल का?" आई स्वतःसाठी पुन्हा वाढून मागते आहे, हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

घरी जाताना ती बसमध्ये खालीच बसली. माझा हात धरून म्हणाली, "दादाला सांगू नकोस गं. वाईट वाटेल त्याला. तुझ्या अण्णांचंही नाव निघेल." मला म्हणायचं होतं, निघू दे की नाव! पण तिचा चेहरा इतका घाबरलेला होता की मी बरं म्हटलं. पुढे ती पुण्याला दादाकडे राहिली. तिथे कुकर होता, पण सणावाराला हौसेने पातेल्यात भात व्हायचा आणि दादा प्रेमाने तळ काढून तिच्या पुढ्यात ठेवायचा. फोनवर मला सांगायचा, "आज आईला खरवड दिली, केवढी खूश झाली!" मी फोन ठेवून उशीवर बुक्के मारायचे.

"अगं बोल ना, का नको?" दादा विचारत होता. ग्रुपवर टिंग टिंग चालूच होतं.

तेवढ्यात गल्ल्यामागून एक म्हातारा काठी टेकत आमच्याकडे आला. बहरामआगा. दाढी पांढरी झाली आहे, डोळ्यांवर जाड चष्मा. आता रेस्टॉरंट त्यांची मुलगी चालवते, ते नुसते बसतात. त्यांनी मला निरखून पाहिलं, मग सईला.

"तुम्ही! मऊ भातवाल्या मदर कशा आहेत?" त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. "कोण मऊ भातवाली?"

"त्यांनी माझ्याच दुकानात मला झापलं होतं," बहरामआगा हसत म्हणाले. "मी तहदीग देतोय, देतोय, आणि त्या..." त्यांनी दोन्ही हातांनी ताट ढकलल्याची खूण केली. थेट आईचीच खूण.

"त्या गेल्या," मी म्हणाले. "वर्ष होईल आता."

त्यांचं हसू विरलं. छातीवर हात ठेवून ते फारसीत काहीतरी पुटपुटले आणि हळूहळू आत गेले.

"काय चाललंय हे?" दादाचा आवाज चढला.

सईने मोबाइल खाली ठेवला. "मामा, मला आठवते. आजी त्या अंकलला खूप मोठा ओरडली. I hid under the table. आजी म्हणाली, मला नाही आवडत."

"काय नाही आवडत?"

मग मी सांगितलं. सगळं. दात, ताक, स्टोव्ह, सांगू नकोस, सगळं. आईचा शब्द मोडताना मला अपराधी वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही, उलट आवाज वाढत गेला.

दादा लालबुंद झाला. "तू इकडे बसून मला आई शिकवू नकोस. शेवटची नऊ वर्षं ती माझ्याकडे होती. तिचं सगळं आम्ही केलं. तू यायचीस दोन वर्षांतून एकदा, चॉकलेटं घेऊन."

"केलंस. कोण नाही म्हणतंय? पण तिला काय आवडतं ते कधी विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? आपल्या डोळ्यांसमोर खायची ती!"

"दुसरं काही उरायचं नाही दादा! म्हणून खायची!"

बाजूच्या टेबलावरची माणसं वळली. आमच्या घरातल्या बायकांना या रेस्टॉरंटमध्ये ओरडायची सवयच लागली आहे.  दादा मोडलेल्या तहदीगचा तुकडा बोटांत फिरवत राहिला. त्याचा राग ओसरत नव्हता, आणि माझाही नाही. लहानपणापासून जपलेली एक चव मी त्याच्या तोंडातून काढून घेतली होती, हे मला दिसत होतं. मला त्याची दया आली नाही. दया नंतर येईल, आली तर.

बहरामआगांची मुलगी एक बशी घेऊन आली. आम्ही मागवली नव्हती. पांढरा भात, मधोमध लोणी. तिने ती कुणा एकाच्या पुढ्यात न ठेवता चौथ्या, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवली. "बाबांनी सांगितलं," एवढंच म्हणाली. वाफ सरळ वर जात होती. दादा त्या बशीकडे बघत बसला.  लोणी वितळून भातात उतरलं तरी बघत होता.

मग त्याने नाक पुसलं, फोन उचलला आणि वहिनीला व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात संध्याकाळ झाली होती. वहिनी स्वयंपाकघरात होती, फोन डब्याला टेकवून ठेवलेला, कपाळावर घाम. पडद्यावर तिचा अर्धाच चेहरा आणि पातेल्याचा काठ. आणि आवाज. खर्र, खर्र, खर्र. 

"ऐक ना," दादा म्हणाला.  "खरवड कॅन्सल. आईच्या पानात मऊ भात ठेवायचा. अगदी मऊ, पांढरा. वर लोणकढं तूप. काय ते मी आल्यावर सांगतो."

"बरं," वहिनी म्हणाली. कारण विचारलं नाही. "मग आजची ही एवढी लागलीय, तिचं काय करू?"

"ती तू खा ना," दादा म्हणाला, आणि डोळे पुसता पुसता मायेने हसला. "तुला आवडते."

वहिनीही हसली. पदर नव्हता, म्हणून मनगट तोंडाला लावून हसली. "काहीतरीच तुमचं," म्हणाली.

मी दादाच्या हातातून फोन ओढून घेतला.

"वहिनी, मला खरं सांग. तुला खरवड आवडते?"

उलथणं थांबलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यामागे दादा दिसतोय का, ते पाहिलं.